नाखवाबाई आणि काळी कोंबडी

नाखवाबाई नवी कोंबडी हातात घेत तेव्हा आधी तिची चौकशी करत.

"कोनाची गो तू? आमची नाय दिसत. कुठशी आलीस?"

उत्तराची वाट बघितल्यासारख्या त्या क्षणभर थांबत, मग कोंबडी उचलून तिची पाठ कानाला लावत आणि डोळे मिटून घेत. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं परस थेट दिसे. पोळ्या लाटता लाटता हे दृश्य मी कितीदा पाहिलं असेल. दुरून कोणाचा तरी फोन आलाय आणि बातमी बरी नाही, असा त्यांचा चेहरा होई. श्वासात घरघर नसली तर त्या "हं" म्हणत. असली तर काहीच म्हणत नसत.

करंजाची बोली त्या फक्त कोंबड्यांशी बोलत. त्यांची आई करंजाच्या बंदरावर मासळी विकायची. बाई शिकल्या, पनवेलला एका लॅबमध्ये लागल्या आणि जन्मभर लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासून निवृत्त झाल्या. माणसांशी त्या पुस्तकातलं मराठी बोलत, तेही काटकसरीनं. लग्न केलेलं नव्हतं. "तपासून बघितलं. जमेना," एवढंच कारण त्यांनी एकदा मला सांगितलं. कोणाला आणि कसं तपासलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. शेजाऱ्यांना त्या नावानं ओळखत नसत, मजल्यानं ओळखत. मी "अहो, पहिला मजला". खालची वंदना "तळमजला".

पनवेलच्या जुन्या भागात, तळ्याकडच्या गल्लीत त्यांचं छोटं कौलारू घर होतं. मागच्या बाजूला आमच्या सोसायटीची कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे परस, परसात खुराडं आणि अगदी दूरच्या कोपऱ्यात, शेवग्याखाली, वापरात नसलेली न्हाणी. खुराड्यात गावठी कोंबड्या, सगळ्या त्यांच्या आईनं करंजाहून दिलेल्या एका जोडीपासून वाढलेल्या. आई गेली, करंजाचं घर भावांनी वाटून घेतलं आणि बाईंच्या वाट्याला तिकडचं जे आलं ते एवढंच. त्या कोंबड्या त्यांनी कधी विकल्या नाहीत, कधी कापल्या नाहीत. मधूनमधून मात्र बाजारातून एखादी नवी आणत, "रक्त बदलायला" म्हणून. आणि या नवीच्या बाबतीत त्यांच्याइतका कडक माणूस मी दुसरा पाहिला नाही.

श्वास ऐकून झाला की नाकपुड्या बघायच्या. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस आहे का ते बघायचं. तुरा बोटांच्या चिमटीत धरायचा. तो लाल हवा आणि ऊबदार हवा. छातीचं हाड चाचपायचं. गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी हवी. पायावरचे खवले उचललेले नकोत. पंख उलटा करून फुंकर मारायची, म्हणजे पिसं दुभंगतात आणि मुळाशी उवा असतील तर पळताना दिसतात. शेपटीखालचं सगळं तर त्या इतक्या निवांतपणे न्याहाळत, की मी खिडकी लावून घेई. लॅब बंद झाली तेव्हा तिथला जुना मायक्रोस्कोप त्या घरी घेऊन आल्या होत्या. त्याखाली काय जायचं ते सांगत नाही, जेवणाची वेळ असेल तुमची.

एवढं सगळं पार पडलं तरी नव्या कोंबडीला खुराड्याचं दार उघडत नसे. महिनाभर तिचा मुक्काम न्हाणीत. तिचं पाण्याचं भांडं वेगळं, दाणे वेगळे, तिकडे जायच्या चपला वेगळ्या. आधी घरच्या कोंबड्यांचं करायचं, न्हाणीकडे शेवटी जायचं, आणि तिथून आल्यावर हात कोपरापर्यंत धुवायचे.

"दिसायला बरं म्हणजे बरं नव्हे," त्या म्हणत. "आजार आला की आधी पाणी मागतो. पाण्याच्या भांड्याकडे लक्ष ठेवावं."

महिन्याच्या शेवटी एक गोष्ट त्या करत, ती बघायला मला कधीच आवडलं नाही. खुराड्यातली आपली एक कोंबडी निवडून त्या न्हाणीत नवीच्या सोबतीला ठेवत. नवी वरून ठणठणीत असली तरी आत काही दडवून असेल, तर ते या दुसरीवर दिसायचं. बाई तिला "साक्षीदार" म्हणत. खुराड्यापुढे बसून त्या सगळ्यांवरून नजर फिरवत, आणि त्या नजरेखाली कोंबड्या चिडीचूप होत. मग एकीला उचलून म्हणत, "तू चल गो." इतकंच.

एकदा करंजाहून त्यांचा मामेभाऊ आला. मुलीच्या हळदीचं आमंत्रण होतं आणि हातात भेट म्हणून एक देखणा तांबडा कोंबडा. बाईंनी आमंत्रण घेतलं, कोंबडा घेतला आणि भावाला फाटकातच उभं करून म्हणाल्या, "दादा, पाय धू. चपला तिकडं काढ. परसात येऊ नको." त्याला एवढा राग आला, की चहा न घेता गेला. तांबडा कोंबडा आठवड्याभरात न्हाणीत मान वाकडी होऊन मेला. बाईंनी त्याला चुन्यात पुरलं, हात धुतले आणि फोन लावला. "दादा, तुझ्याकडं किती गेल्या?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. पण हळदीला बाई गेल्या, आणि भावानं रागाचा विषय काढला नाही म्हणे.

ही तपासणीची खोड कोंबड्यांपुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी होती. पण बाई माणसांकडेही तसंच बघत. पापणीची आतली कड, नखं, चालताना लागणारा दम. पेपरवाल्याला त्यांनी एक दिवस विचारलं, "पाणी फार पितोस का रे?" तो हसला आणि पुढच्याच आठवड्यात मधुमेहाच्या गोळ्या घेऊन आला. अशा बोलण्याला कोणी भीत नसे. भीती होती ती त्यांच्या न बोलण्याची. आमच्या सोसायटीचा म्हातारा वॉचमन एकदा त्यांना गेट उघडून देत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि घरात गेल्या. तो महिना संपायच्या आत तो गावी गेला आणि मागोमाग त्याची बातमी आली. योगायोगच, मी मानते. पण आमचे हे तेव्हापासून पुढच्या गेटानं जायला लागले. बाई काही म्हणाल्या तर बरं, गप्प बसल्या तर डॉक्टर गाठावा, असं आमच्याकडे गमतीनं म्हणत. पुढे ते गमतीनं म्हणणंही थांबलं.

वंदनाची सई तेव्हा दुसरीत होती. भिंतीवरून कोंबड्यांना बिस्किटं टाकायची आणि बाईंची बोलणी खायची. "उष्टं टाकू नकोस! तुझ्या तोंडात काय काय असेल!" सई जीभ काढून दाखवायची. एका सकाळी ती भिंतीशी आली, बिस्किट टाकलं, आणि बाई ओरडल्या नाहीत. मी खिडकीतच होते. बाई हातातलं सूप खाली ठेवून सईकडे बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. माझ्या तव्यावरची पोळी जळाली.

सईला त्या रात्री ताप भरला. आधी इथल्या डॉक्टरांची औषधं झाली, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. कशाचा ताप ते सापडेना आणि उतरेना. वंदनाचा नवरा द्रोणागिरीच्या एका गोदामात कामाला; तो ड्यूटी संपली की परस्पर दवाखान्यात जाई. मग उरणकडून वंदनाच्या सासूबाई आल्या, त्या एक काळी कोंबडी घेऊनच, पायाचं एक नख पांढरं असलेली. कोंबडीला सईच्या उशीजवळ नेता येईना, तर त्यांनी सईचा वापरलेला फ्रॉक अंथरुणावर ठेवला, त्यावरून कोंबडी ओवाळली आणि गाढी नदीच्या पुलापलीकडे नेऊन सोडून दिली. मागे वळून बघितलं नाही. याला उतारा म्हणतात. दुखणं कोंबडीबरोबर जातं. हे वंदनानं मला जिन्यात सांगितलं, थोडं लाजत. "माझा विश्वास नाही हो," ती म्हणाली, "पण त्यांना नको कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाईंच्या परसात मधोमध एक काळी कोंबडी उभी होती.

ती चरत नव्हती, आवाज करत नव्हती. बाईंच्या सगळ्या कोंबड्या खुराड्याला चिकटून एका जागी गोळा झाल्या होत्या. फाटक बंद होतं. पूल इथून चांगला लांब, मध्ये बाजार, रिक्षा स्टँड, एसटीच्या गाड्यांची वर्दळ. कोंबडी एवढं अंतर चालत येत नाही. आली तरी याच परसात का यावी?

बाई बाहेर आल्या. कोंबडीनं पळायचा प्रयत्नही केला नाही. बाईंनी तिला उचललं आणि नेहमीसारखं विचारलं, "कोनाची गो तू?" पाठ कानाला लावली. बराच वेळ ऐकलं. नाकपुड्या, डोळे, तुरा, छातीचं हाड. मग डावा पंख उलटला आणि थांबल्या. पंखाखाली कुंकू होतं. पायाला काळा दोरा.

"बाई," मी खिडकीतून म्हणाले, "त्या पायाचं एक नख पांढरं आहे का हो?"

त्यांनी बघितलं. "आहे."

"मग ती सईची आहे." आणि मी त्यांना वंदनानं सांगितलेलं सगळं सांगितलं.

बाई हसल्या. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. "माझी आई पण सोडायची," त्या म्हणाल्या. "आम्हा भावंडांपैकी कोणी आजारी पडलं की कोंबडी ओवाळून खाडीवर सोडायची. ती कोंबडी पलीकडच्या आळीतले पकडून रस्सा करायचे. सगळे ठणठणीत असायचे." मग काळ्या कोंबडीकडे बघून म्हणाल्या, "हिला तर काहीच झालेलं नाही. अंगावर एक ऊ नाही. पहिला मजला, मी एवढ्या कोंबड्या तपासल्या, एकही ऊ नसलेली कोंबडी मी पाहिलेली नाही."

कोंबडी न्हाणीत गेली. बाई रोज सकाळी तिला तपासत आणि मी रोज सकाळी खिडकीत उभी राहू लागले. इकडे सई आयसीयूत, तिकडे ही. पहिले काही दिवस आम्ही त्याबद्दल बोललो नाही. मग एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "काही घरघर?"

"नाही."

"पाणी जास्त पितेय?"

"नाही. काही नाही."

आणि मला एकदम कळलं, की आम्ही दोघी चांगल्या शिकल्यासवरल्या बायका एका मुक्या जनावरानं आजारी पडावं म्हणून वाट बघतोय. बाईंनाही ते त्याच क्षणी कळलं असावं. त्या चटकन आत गेल्या. पण दुसऱ्या सकाळी मी खिडकीत होते, आणि त्यांनी न विचारताच मान हलवली. नाही.

त्या वेळी त्या महिनाभरसुद्धा थांबल्या नाहीत, लगेच साक्षीदार ठेवली. तिलाही काही झालं नाही. काळी कोंबडी दाणे खाई, सरळ उभी राही, आणि तिच्या नरड्यातून कधी साधा कॉक असा आवाज आला नाही. तुरा लालभडक. "इतकी निरोगी कोंबडी बाजारात मिळायची नाही," बाई म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा आवाज कोरडा पडला होता.

मग तो दिवस आला. वंदना कपडे न्यायला घरी आली होती. घरात जायचं त्राण नव्हतं म्हणून मागच्या पायरीवरच बसली. मी पाणी घेऊन खाली गेले. "डॉक्टर म्हणतात, आता आमच्या हातात फार नाही," ती म्हणाली. रडत नव्हती. "घरच्यांना बोलवून घ्या म्हणाले." भिंतीपलीकडे बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्या कधी कोणाचं सांत्वन करत नसत, आणि तेव्हाही केलं नाही.

दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या. बाई न्हाणीतून आल्या ते काळ्या कोंबडीला छातीशी धरून. पायात चपला नव्हत्या, इकडच्याही नाहीत आणि तिकडच्याही नाहीत. खुराड्याच्या दाराशी बसल्या.

"बाई, हे काय करताय?" मी ओरडले. "आत नका ना सोडू तिला!"

त्यांनी वर बघितलंच नाही. कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवून तिला म्हणाल्या, "एकटीला पोरीचं दुखणं उचलत नाय ना तुला? जा. ह्या हायेत तुझ्या मदतीला."

आणि आईच्या कोंबड्यांमध्ये तिला सोडून त्यांनी दार लावलं.

पुढचं मी जसं पाहिलं तसं सांगते. दोन दिवसांत पाण्याची भांडी रिकामी व्हायला लागली. मग एकेक कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागली. सगळ्यांना वेळच्या वेळी लस दिलेली होती. बाई त्या बाबतीत चुकणाऱ्या नव्हत्या. तरी गेल्या. जी साक्षीदार न्हाणीत धडधाकट होती, तीही गेली. बाई शेवग्याखाली खड्डे काढत, चुना टाकत. मदतीला येऊ का विचारलं तर हातानंच नको म्हणाल्या. एकदा खड्ड्याच्या कडेला बसून त्या रडल्या. मला बघवलं नाही आणि खिडकीतून हलताही आलं नाही. कोणी आपलं माहेर हातानं पुरत असेल तर ते असंच दिसत असेल.

सईचा ताप उतरला. आधी थोडा, मग सगळा. वंदनाचा फोन आला तेव्हा मी धावत भिंतीशी गेले. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या पुन्हा पुस्तकातलं मराठी बोलल्या. "त्याच दिवशी डॉक्टरांनी औषध बदललंय. मी आधीच दवाखान्यात फोन करून विचारलं. त्या औषधाचा गुण आहे." मग म्हणाल्या, "तळमजल्याला बाकी काही सांगू नका."

मी सांगितलं नाही. वंदना पेढे घेऊन आली, बाईंनी भिंतीवरून डबा घेतला आणि एवढंच विचारलं, "भूक लागते का तिला?" परसात शुकशुकाट झालाय, हे त्या आनंदात वंदनाच्या लक्षातही आलं नाही.

काळी कोंबडी मात्र होती. सगळ्या गेल्या आणि ती राहिली, तशीच लालभडक तुऱ्याची. अंडी द्यायला लागली. बाई ती अंडी खात नसत, कोणाला देत नसत, चुन्यात पुरत. मी म्हटलं, "देऊन टाका ना तिला कोणाला तरी."

"कोणाला देऊ?" त्यांनी विचारलं.

"मग सोडा कुठंतरी लांब."

"सोडली तर कोणाच्या तरी दारात जाईल."

कापायचा विषय मी काढला नाही. त्यांनी तो विचार केलेला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कापली की तिच्यातलं दुखणं मोकळं होणार. आणि हा विचार त्या बाईंचा, ज्यांचा कशावरच विश्वास नव्हता.

पुढे यांना कामावर जायला जवळ पडावं म्हणून आम्ही द्रोणागिरीला राहायला गेलो. पावसाळ्यानंतर कधीतरी बाई गेल्याचं वंदनानं कळवलं. दुखणं काय होतं ते डॉक्टरांना नीट सांगता आलं नाही म्हणे. परवा उरणच्या बाजारात त्यांचा भाचा भेटला. घर त्यानंच आवरलं होतं. मी कोंबडीचं विचारलं. "कोंबडी?" तो म्हणाला. "घरात कोंबडी नव्हती, काकी. पिसूक पन नाय दिसलं."

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते आमचं सामान बांधत होते त्या संध्याकाळी. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत मी खिडकीशी उभी होते. सई विटेवर चढून भिंतीवर रेलली होती. केस विरळ झालेले, पण गाल भरायला लागलेले. तिच्या हातात बिस्किट होतं. बाई दोरीवरचे कपडे काढत होत्या, त्यांची पाठ होती. काळी कोंबडी न्हाणीतून बाहेर आली आणि सावकाश, एका रेषेत चालत भिंतीशी गेली. मान वर करून सईकडे बघत उभी राहिली. आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं आवाज काढला, अगदी हळू, पिल्लांना बोलावताना काढतात तसा.

"आजी, हिचं नाव काय?" सईनं विचारलं.

बाईंच्या हातातले कपडे खाली पडले. त्या धावल्या. त्या वयात, अनवाणी. कोंबडीला झडप घालून उचललं, पदरात गुंडाळलं आणि सईकडे पाठ केली.

"नाव नाय तिला. घरी जा."

"हात लावू दे ना."

"नाय. तू बरी हायेस ना आता? मंग जा. पळ."

सई फुरंगटून विटेवरून उतरली. तिच्या घराचं दार लागल्याचा आवाज आला. बाई तशाच पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यावरून कोंबडीची मान बाहेर आली होती आणि ती त्या दाराकडे बघत होती. बाईंनी हातानं तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. ते पुन्हा तिकडे वळलं, त्यांनी पुन्हा आपल्याकडे वळवलं.

"तिकडं नको बघूस," त्या तिला समजावत होत्या. "मी हाय ना. हिकडं बघ. मी हाय ना तुला."